पट्ट्यावरचा जांभळा ठिपका

१

बुधवारी दुपारी एक पिवळं हेल्मेट टोपीताईंच्या काउंटरवर आदळलं, आणि समोर माझ्या सलूनमध्ये एका गिऱ्हाइकाचा डावा कल्ला बोटभर जास्त उडाला. कल्ला पुन्हा उगवला. हेल्मेटचं प्रकरण मात्र आपोआप मिटणारं नव्हतं.

हेल्मेट आदळणारा माणूस छापखान्यात मशीन चालवतो. एरवी इतका मवाळ, की दाढी करताना ब्लेड लागलं तर मलाच सॉरी म्हणेल. त्याची बायको नर्स. सायकलवरून घरोघर जाऊन इंजेक्शनं देते, जखमांच्या पट्ट्या बदलते. त्या सकाळी पावणेसातला पाण्याच्या टाकीच्या उतारावर तिचं चाक खडीवरून घसरलं. हेल्मेट डोक्यावरून उडालं आणि डोकं दगडी कठड्यावर आपटलं. सात टाके पडले.

"आठ दिवसांपूर्वी तुम्हीच बसवून दिलंत ना?" मी रस्ता ओलांडून पोचलो तेव्हा तो म्हणत होता. "अर्धा तास तिला खुर्चीत बसवलंत. मान हलवा, खाली वाका, जांभई द्या. उपयोग काय झाला? बक्कल बघा. लागलेलंच आहे. लागलेल्या बकलासकट उडालं."

टोपीताईंनी हेल्मेट उचललं. पट्टा कुठे तुटलेला नव्हता, उसवलेला नव्हता. पण तो इतका सैल होता, की नर्सबाईंच्या हनुवटीखाली माझी अख्खी मूठ मावली असती.

"मी असं दिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. पण आवाज असा, की जणू स्वतःलाच विचारतायत.

संध्याकाळी मी चहा घेऊन रस्ता ओलांडला, तर शटर अर्धं खाली आणि ताई आत खोक्यांत माल भरतायत.

"शनिवारी सकाळी टेम्पो सांगितलाय, कात्रीकाका," त्या म्हणाल्या. "दुकान बंद."

२

टोपीताईंचं दुकान हे दुकान कमी आणि परीक्षेचा हॉल जास्त. हेल्मेट मागितलं की आधी फीत घेऊन डोक्याचा घेर मोजणार. मग एक डोक्यावर चढवून हातात पेपर देणार आणि पंधरा मिनिटं वाचायला लावणार. पंधरा मिनिटांनी हेल्मेट काढून कपाळ बघणार. लाल रेघ उठली असेल तर म्हणणार, "हे तुमचं नाही. दुसरं बघू." रंग आवडला म्हणून घेणाऱ्याला तर त्या सरळ दार दाखवायच्या. मी एकदा एका नवरदेवाला तिथून तीन तासांनी बाहेर पडताना पाहिलंय. तोवर माझ्याकडे केलेली त्याची दाढी पुन्हा वाढली होती.

पण त्या खुळ्या नव्हत्या. त्यांच्या नवऱ्यानेही हेल्मेट घेतलं होतं. चांगलं, महागातलं, पण कपाळाला टोचायचं. म्हणून ते खुंटीवर राहायचं. ज्या दिवशी ट्रकचा धक्का लागला त्या दिवशीही ते खुंटीवरच होतं. तेव्हापासून ताई म्हणायच्या, टोचणारं हेल्मेट सुरक्षित नसतंच, कारण ते डोक्यावर नसतं.

"तुमची चूक नाही हो," मी म्हटलं.

"तुम्हाला काय माहीत?" त्यांनी स्वतःची दोन बोटं समोर धरली. "भुवईच्या वर दोन बोटं, हनुवटीखाली दोन बोटं. प्रत्येकाला घालून बघते. पण नर्सबाईंना घातली होती का? दिवसभर आठवतेय, काका. आठवतच नाही. ज्या हाताची मलाच खात्री नाही, तो मी दुसऱ्याच्या डोक्याला कसा लावू?"

तोंडाने हे सुटणारं नव्हतं.

म्हणून मी हेल्मेट उचललं आणि दारातल्या उजेडात नेलं. या गावची डोकी मी चाळीस वर्षं हातात घेतोय. बाजारातल्या गर्दीत एक पाठमोरा पाकीटमार मी त्याच्या दोन भोवऱ्यांवरून ओळखला होता. पकडलाही असता, पण त्याच्या मानेला सकाळीच मीच साबण लावला होता, निसटला.

तर हेल्मेटच्या आत बघितलं. टाळूवर येणाऱ्या गादीवर एक डाग होता, काळा, कडेला तांबूस झाक असलेला. आणि पट्ट्यावर, जिथे तो कमीजास्त करतात त्या कडीपासून चार बोटं वर, एक बारीकसा जांभळा ठिपका.

"ताई, ही खूण तुम्ही केलीत?"

"मी खुणा करत नाही. खुणा केल्या की माणसं मोजायचं सोडतात."

मी डागावर ओलं बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. वास ओळखीचा होता. ओळखीचा म्हणजे, माझाच.

३

गैरसमज नको. त्या हेल्मेटला मी हात लावला नव्हता. पण केस काळे करायचं मिश्रण मी घरी बनवतो, चहाचं पाणी आणि लवंग घालून, आणि ती तांबूस झाक दुसऱ्या कुणाला जमत नाही. नर्सबाईंचे केस मुळातच काळेभोर आहेत. त्यांना रंगाची गरज नाही. म्हणजे ते हेल्मेट आठवड्याभरात आणखी कुणीतरी घातलं होतं, आणि तो कुणीतरी माझ्या खुर्चीतून उठून गेला होता.

त्या आठवड्यात मी तिघांना रंग लावला होता. शनिवारी दवाखान्यातला कंपाउंडर. रविवारी कोपऱ्यावरचा पंक्चरशेठ. सोमवारी नर्सबाईंचे सासरे, म्हणजे आमचे टपालआजोबा. छत्तीस वर्षं सायकलवरून पत्रं वाटून निवृत्त झालेले.

आणि हेल्मेट तिघांच्याही हाताशी होतं. नर्सबाई ते सायकलच्या हँडलला अडकवतात. दिवसा फेऱ्या नसतील तेव्हा सायकल दवाखान्याच्या शेडमध्ये. मंगळवारी ब्रेक लावायला पंक्चरशेठकडे. बाकी वेळ घराच्या अंगणात.

तिघांत पहिला संशय कुणावर, हे सांगायला नको. पंक्चरशेठच्या दुकानात हेल्मेटं कांद्याच्या माळेसारखी टांगलेली असतात. सगळी एका मापाची, गिऱ्हाईक कुठल्याही मापाचं असो. टोपीताईंचं शटर खाली गेलं की त्याचं वर.

गुरुवारी सकाळी मी गेलो, तर तो चार लोकांत ऐकवत होता, "अर्धा तास बोटं घालून बघायची आणि शेवटी काय? आमच्याकडे बघा. घातलं, टिचकी मारली, चालले."

"शेठ, मंगळवारी सायकल तुझ्याकडे होती. हेल्मेट घालून बघितलंस का?"

त्याच्या हातातला पाना खाली पडला.

४

"कुणी सांगितलं?" चार लोक पांगल्यावर त्याने विचारलं.

"कुणी नाही. तुझ्या तोंडाने."

"बघितलं घालून," तो कुजबुजला. "एवढं काय असतं त्यात, म्हणून. आणि काका, खरं सांगू का, घातलंय हे कळतच नाही हो. आमचं घातलं की अर्ध्या तासात कपाळ ठणकतं."

"पट्टा सैल केलास?"

"सैल?" त्याने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "माझं डोकं तुम्हाला माहीत नाही का?"

माहीत आहे. पंक्चरशेठचं शरीर पिंपासारखं आणि वर डोकं सुपारीएवढं. नर्सबाईंचं हेल्मेट त्याच्या डोक्यावर घंटेसारखं हललं असणार. त्याने पट्टा आवळला असता, सोडला नसता. शिवाय रविवारचा रंग त्याने सोमवारीच कसल्याशा फेसाने धुऊन काढला होता, कारण बायको हसली.

कंपाउंडर आणखी सोपा होता. टाळू एकदम सपाट मैदान. रंग लावला तो मिशीला आणि कानावरच्या दोन झुपक्यांना. टाळूवरच्या गादीला डाग पाडायला तिथे केस तरी हवेत.

"मी कशाला घालू हेल्मेट?" तो बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता म्हणाला. "मी पायी येतो. आणि काका, लोक टोपीताईंबद्दल बोलतात ते बरं नाही. नर्सबाई रोज निघताना हनुवटीखाली दोन बोटं घालून बघतात, मी पाहिलंय. पट्टा इतका सैल असता तर त्यांना कळलं नसतं का?"

हा प्रश्न मलाच सुचायला हवा होता. आणि आणखी एक सुचलं, तिथेच, त्या औषधांच्या वासात. वाईट करायचं म्हणून पट्टा सैल करणारा माणूस मूळ जागेवर खूण कशाला करेल? खूण करतो तो, ज्याला परत तिथेच यायचं असतं.

तो ठिपका म्हणजे नर्सबाईंचं माप असेल, तर ताईंच्या बोटांनी चूक केलेली नव्हती. मी ताईंकडून हेल्मेट मागून घेतलं, कडी होती तिथेच ठेवून पट्ट्याची ठिपक्यापर्यंतची लांबी दोऱ्याने मोजली, दोरा खिशात टाकला, आणि इस्पितळाची वाट धरली.

५

नर्सबाई उशीला टेकून बसल्या होत्या. टाक्यांभोवतालचे केस कुणीतरी असे कापले होते, की कात्री डोळे मिटून चालवली असावी. मी ते सारखे करायला घेतले. न्हाव्याला कुठल्याही खोलीत शिरायला याहून चांगलं निमित्त लागत नाही.

"पडल्याचं आठवत नाही, काका," त्या म्हणाल्या. "निघाल्याचं आठवतं. एका आजींचं इंजेक्शन होतं, त्यांच्या मुलाचा फोन आला, लवकर या म्हणून. मी रोजच्यापेक्षा वीस मिनिटं आधी निघाले."

"पट्टा बघितला होता?"

"बघितला ना. दोन बोटं घातली, घट्ट वाटला." त्यांनी गळ्याशी हात नेला. "थंडी होती. मफलर गुंडाळली होती, ती जाड, आजोबांनी दिलेली."

बस. सैल पट्टा मफलरने भरून काढला होता. बोटांना जी अडली ती हनुवटी नव्हती, लोकर होती. पडताना मफलर दबली आणि फास मोकळा झाला.

"जरा मान सरळ," म्हणून मी दोरा त्यांच्या एका कानाकडून हनुवटीखालून दुसऱ्या कानाकडे नेला. दोऱ्याखाली माझी दोन बोटं बसली. तिसरं बसेना.

"हे कसलं माप, काका?"

"टाके सुटले की सांगतो."

"टोपीताईंना सांगा, ह्यांचं बोलणं मनावर घेऊ नका म्हणावं. हे रागात गेले होते." मग हळू आवाजात, "आणि बाहेर आजोबा बसलेत, त्यांना घरी न्या हो. दोन दिवस बाकावर आहेत. जेवत नाहीत. माझ्याकडे बघतही नाहीत."

टपालआजोबा व्हरांड्यातल्या बाकावर होते. हवा कोंदट, पंखा बंद, आणि आजोबांच्या डोक्यावर कानापर्यंत ओढलेली लोकरी टोपी. हातात इस्पितळाचा कागद होता. खिशातून त्यांनी टपालखात्यातल्या जुन्या शाईच्या पेन्सिलीचं एक थोटुक काढलं, टोक जिभेला लावून ओलं केलं, आणि सही केली.

सही जांभळी उमटली. खालच्या ओठावरही जांभळी रेघ होती.

६

सोमवारचं आता सगळं आठवलं. सत्तरीत केस काळे करायला आलेल्या माणसाला मी सोडतो होय? "मागून पाहिलं तर चाळिशीचे दिसाल," मी म्हणालो होतो. "मला मागूनच दिसायचं आहे," आजोबा म्हणाले होते. मी समजलो, पाठीमागून कुणी बघणारी आहे. दिवसभर येईल त्या गिऱ्हाइकाला डोळा मारून सांगितलं. दोन दिवस घाम येऊ देऊ नका, एवढं मात्र बजावलं होतं.

शुक्रवारी दुपारी मी त्यांना दाढीच्या निमित्ताने सलूनमध्ये आणलं. दाराला आतून कडी लावली. लोकरी टोपी काढली. मग कपाटातून ते पिवळं हेल्मेट घेतलं, घेर कमीजास्त करायची मागची चक्री सैल केली, आणि त्यांच्या डोक्यावर ठेवलं. बक्कल लावलं. पट्ट्याला मी हात लावला नव्हता, ताईंनी लावला नव्हता. बुधवारी जसा होता तसाच होता.

हनुवटीखाली दोन बोटं घातली. बरोबर दोन.

आरशात आजोबांनी स्वतःकडे पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले.

"मला चक्कर आली होती ना गेल्या वर्षी," ते म्हणाले. "तेव्हापासून सायकल बंद. डॉक्टर म्हणाले, मुलगा म्हणाला. सुनेने तर हात जोडले. मी हो म्हटलं. पण काका, छत्तीस वर्षं रोज बावीस मैल. पाय रात्री अंथरुणात पॅडल मारतात हो. म्हणून पहाटे, सगळे झोपेत असताना, तिच्याच सायकलवरून टाकीपर्यंत जाऊन यायचो. कुणी पाठीमागून ओळखू नये म्हणून केस काळे केले."

"आणि हेल्मेट?"

"तिचा शब्द. सायकल चालवणाऱ्याने उघड्या डोक्याने जायचं नाही, येता जाता सगळ्यांना सांगते. एक शब्द मोडला होता, म्हटलं दुसरा तरी पाळावा." त्यांनी ओठ पुसला. "माझं डोकं मोठं. पट्टा सोडायला लागायचा. ठिपका करून ठेवला होता. आल्यावर रोज ठिपक्यावर आणायचो. रोज, काका. एक दिवस चुकलो नाही."

"बुधवारी ती वीस मिनिटं आधी निघाली."

"मी अंगणात शिरलो आणि आत तिच्या चपलांचा आवाज आला. हेल्मेट हँडलला अडकवलं आणि पाण्याच्या पिंपामागे बसलो, या वयात, लहान पोरासारखा. ती आली. तिने घातलं. बक्कल लावलेलं ऐकलं मी. एक हाक मारायची होती. थांब, पट्टा बघ. एवढंच. पण हाक मारली असती तर पिंपामागे काय करत होतो ते सांगावं लागलं असतं." त्यांनी डोळे उघडून आरशात पाहिलं. "लोकांच्या तारा मी पावसापाण्यात पोचवल्या. आणि माझ्या घरातली एक हाक दहा पावलांवर पोचवली नाही."

दाढीचा साबण वाळून गेला होता. मी तो पुन्हा लावला. माझ्याही तोंडाचा त्यात वाटा होता. सोमवारी जिभेला आवर घालून नुसतं विचारलं असतं, आजोबा, मागून कुणापासून लपताय, तर त्यांनी सांगितलंही असतं.

"समोर खोकी भरतायत," मी म्हटलं. "उद्या सकाळी टेम्पो आहे. त्यांना वाटतंय, त्यांची बोटं चुकली."

आजोबांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं.

७

शनिवारी आठला टेम्पो आला. ड्रायव्हर पहिलं खोकं उचलत होता. कोपऱ्यावर पंक्चरशेठ उभा होता, पण का कोण जाणे, खूश दिसत नव्हता. मी दारात वस्तरा घासत होतो. तो केव्हाच धारदार झाला होता.

साडेआठला टपालआजोबा आले. उघड्या डोक्याने, मुलाला बरोबर घेऊन. मुलाचे डोळे लाल होते. रात्रीच सगळं ऐकून झालं असावं. आजोबा टोपीताईंपुढे उभे राहिले आणि पत्र वाचून दाखवावं तसं, एका सुरात, पिंपापर्यंतचं सगळं सांगितलं. रस्त्यावरच्या माणसांनी ऐकलं. आजोबांनी आवाज खाली केला नाही.

"ठिपक्यावर तुमचं माप होतं," शेवटी ते म्हणाले. "ते बरोबर होतं. काकांनी दोऱ्याने बघितलंय. दोन बोटं."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दोरा वर धरला.

"चुकलं माझं, ताई," छापखानेवाला म्हणाला. "त्या दिवशी बोलायला नको होतं."

ताई स्वतःची दोन बोटं बघत राहिल्या, हरवलेली वस्तू घरातच सापडावी तशी. मग त्यांनी ड्रायव्हरच्या हातातलं खोकं घेतलं, खाली ठेवलं आणि फाडलं.

"बसा," त्या आजोबांना म्हणाल्या.

"मी?"

"नर्सबाईंचा काल फोन होता. डॉक्टरांना विचारलंय त्यांनी. सपाट रस्त्यावर, दिवसाउजेडी, सोबत कुणी असेल तर चालवा म्हणालेत. आणि बाई म्हणाल्या, आजोबांना स्वतःचं हेल्मेट द्या, माझं द्यायचं नाही."

"काल?" आजोबांनी विचारलं. "काल तर मी कुणालाच..."

"त्या नर्स आहेत, आजोबा. त्यांना बाकावरची लोकरी टोपी दिसली होती, आणि पट्ट्यावरच्या ठिपक्याच्याच रंगाचा ओठही. माझं माप बरोबर होतं, हे मात्र मला आत्ता कळलं."

म्हणजे माझ्या आधी तिने ओळखलं होतं, तेही डोक्याला सात टाके असताना. हे मी फारसं कुणाला सांगत नाही.

ताईंनी आजोबांच्या डोक्याला फीत लावली. पहिलं हेल्मेट कपाळाला टोचलं. दुसरं मान वाकवली की पुढे आलं. तिसरं चढवून त्यांनी पेपर हातात दिला आणि घड्याळ लावलं. टेम्पोवाला म्हणाला, मला दुसरं भाडं आहे. ताई म्हणाल्या, तुमच्या मुलीला सायकल आहे ना, डोक्याचा घेर किती? त्यालाही खुर्ची मिळाली. अकराला पंक्चरशेठ इकडेतिकडे बघत आत शिरला आणि विचारू लागला की लहान डोक्यासाठी काही असतं का.

आजोबांनी केस काळे करणं सोडलं. माझं एक गिऱ्हाईक गेलं. महिन्याभरात ते पुरते पांढरे झाले आणि आता हेल्मेटखालूनही लांबून ओळखू येतात.

नर्सबाई पुन्हा कामावर जातात. त्यांचं घर माझ्या दुकानापासून चार दारं पलीकडे. सकाळी मी शटर उघडतो त्या वेळी सायकल अंगणाबाहेर येते, आणि आतून एक म्हातारा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा येतो.

"पट्टा?"

"दोन बोटं, आजोबा."

"मफलर काढून बघितलंस?"

सायकल थांबते. बघितलेलं नसतं. मग बघते, आणि जाते.